अनुसयाबाईचे दाणे

कुंदाची सोयरीक पक्की करायला पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशांना कोणी नीट हातही लावला नव्हता, तेवढ्यात ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मायनं तोंडानं 'जा' म्हटल्याशिवाय मी ह्या घराचा उंबरा ओलांडणार नाई."

मी चहाचं ताट हातात घेऊन तिच्या मागेच उभी होते. डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला, कारण समोर भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, कुंदाचे वडील, बसलेले. आमच्याकडे धाकट्या भावजयीनं भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही अशी रीत, आणि त्या दिवशी मला ती रीत फार सोयीची वाटली.

तिची माय तिथंच होती. खिडकीखालच्या खाटेवर, पाठीला गाठोडं लावून बसवलेली अनुसयाबाई, माझी मोठी जाऊ. दिवाळीच्या सुमाराला कापसाच्या वेचणीत, भर शेतात तिला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. पाय पुढे थोडा सुधारला, कोणी धरलं की ओढत चालायची. वाचा मात्र नाही ती नाहीच. वर्ध्याचा डॉक्टर म्हणाला, येईल तर येईल, नाहीतर नाही. हे सांगायला डॉक्टर कशाला हवा, आमचा गुराखीसुद्धा हेच सांगत होता.

कुंदाचं बोलणं तिला कळलं. कळायचं तिला सगळंच. तिनं तोंड उघडलं, ओठ वाकडे झाले, गळ्याची शीर ताणली, आणि नुसता वारा बाहेर आला. मग तिनं डाव्या हातानं पदर तोंडावर घेतला.

मुलाचे वडील भला माणूस. म्हणाले, पोरीचं चुकत नाही. पण आमच्या घरात बाईमाणूस नाही, पोराची आई दोन वर्षांमागं गेली, चूल आम्ही पुरुषमाणसं फुंकतो. होळीपर्यंत वाट पाहू, मग मात्र आम्हाला दुसरं घर बघावं लागेल. भासऱ्यांनी मान हलवली. पाहुणे गेल्यावर ते कुंदावर खूप चिडतील असं वाटलं होतं, पण चिडले नाहीत. अंगणात जाऊन बैलाच्या पाठीवरून हात फिरवत कितीतरी वेळ उभे राहिले.

आता अनुसयाबाई कोण होती हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या गावात बायांचं खंजिरी भजन होतं, आणि ते अनुसयाबाईचं होतं. मंडळाचं नाव काही देवाबिवाचं असेल, पण पंचक्रोशीत त्याला 'अनुसयाबाईचं भजन' असंच म्हणायचे. खंजिरी म्हणजे काय, ताटाएवढं लाकडी कडं, एका बाजूनं पातळ कातडं मढवलेलं, कडेला पितळेच्या चकत्या. डाव्या हातात धरायची, उजव्यानं वाजवायची. जिच्या डाव्या हातात खंजिरी तीच भजन सांगणार, बाकीच्या मागून म्हणणार. खंजिरी म्हणजे मंडळाची गादीच म्हणा ना. ती कोणी अशी सहज हातात घेत नाही.

आणि अनुसयाबाईचा हात. ती कडवं संपता संपता असं काही वाजवायची की बसलेली माणसं सरसावून बसायची. करंगळीपासून सुरुवात, चारी बोटं एकामागून एक, मग तळव्याची टाच, पुन्हा करंगळी. हे इतकं जलद की बोट वेगळं दिसायचं नाही आणि ठोका वेगळा ऐकू यायचा नाही. सुपातून ज्वारी ओतावी तसा एक सलग आवाज. ती त्याला दाणे म्हणायची. "आता दाणे टाकते," असं ती मागे वळून पुटपुटायची, आणि आम्ही टाळवाल्या सावध व्हायचो. दाणे पडून गेले की ती मान वर करून नवं कडवं उचलायची, आणि आवाज असा मोकळा निघायचा की काय सांगू.

मी शेवटच्या रांगेत टाळ वाजवत होते. गळा माझा कावळ्याचा, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, तरी गावातल्या प्रत्येकानं सांगितलं होतं. पण बोटांना हौस होती. लग्न होऊन आल्यावर एकदा अनुसयाबाई विहिरीवर गेली असताना मी खंजिरी खुंटीवरून काढली आणि दोन थापा मारल्या. ती दारात कधी आली कळलंच नाही. रागावली नाही, ओरडली नाही. माझ्या हातातून खंजिरी घेतली, पदरानं पुसली, खुंटीला लावली आणि म्हणाली, "देवके, तुये बोटं भाकरीचे हायेत. भाकरी चांगल्या करतं तू." हे कौतुक होतं की टोमणा, हे मला अजून उमगलेलं नाही.

पाहुणे येऊन गेले त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मी खंजिरी उन्हात ठेवायला काढली. कातडं सादळलं की ऊन दाखवावं लागतं, नाहीतर सैल पडतं. अंगणात ऊन, खाट बाहेर काढलेली, खाटेवर अनुसयाबाई डोळे मिटून. आंब्याला मोहोर आला होता आणि त्या वासानं मलाच गुंगी येत होती. कातडं तापलं का पाहायला मी नखानं टिचकी मारली, मग बोटं अशीच, लहान पोरं पाटीवर वाजवतात तशी, त्यावर फिरवली.

खाटेवरून आवाज आला. "अं."

मी वळून पाहिलं. तिचे डोळे उघडे होते. मी पुन्हा बोटं फिरवली. पुन्हा "अं", पण ह्या वेळी तो नुसता कण्हण्याचा आवाज नव्हता. सूर होता. तिच्या 'ऊन उतरलं' ह्या भजनाचा पहिला सूर. ते भजन तिनं स्वतःच केलेलं, शेतातून परतताना म्हणायचं: 'ऊन उतरलं, रान निवलं, चला घरी आता.' हजार वेळा मी त्याला टाळ धरला होता. मला चुकणं शक्य नव्हतं.

मी पळत जाऊन कुंदाला बोलावलं. ती कणकेच्या हातानं आली. मी वाजवलं, पुन्हा वाजवलं, काहीतरी वाजवलं. अनुसयाबाई माझ्या बोटांकडे पाहत राहिली आणि मग तिनं डोळे मिटून घेतले. शाळेत गणित चुकलेल्या पोराकडे मास्तर पाहतो, तसं ते पाहणं होतं.

"काकू," कुंदा म्हणाली, "तिले दाणे पायजेत. दाण्याशिवाय तिनं कडवं कधी उचललं काय?"

झालं. त्या क्षणापासून माझ्या बोटांना दुसरं काम उरलं नाही.

खंजिरी उघड वाजवायची सोय नव्हती. गावभर झालं असतं की जाऊ आडवी पडली आणि देवकीनं गादी धरली. पण आमच्या घरात एक जागा होती. त्या साली भाव चढायची वाट पाहत सगळा कापूस घरातच भरून ठेवला होता. मधली खोली पार आढ्यापर्यंत पांढरी. दुपारची कामं आटोपली की मी पितळेची ताटली घेऊन त्या खोलीत शिरायची आणि कापसात कमरेइतकी रुतून बसायची. दार लावलं की बाहेरचं काही ऐकू यायचं नाही आणि आतलं बाहेर जायचं नाही. वर छपरातल्या एका कवेलूच्या फटीतून उन्हाची एक काडी खाली यायची आणि तिच्यात कापसाची तुसं तरंगत राहायची. ती खाली पडायचीच नाहीत.

तिथं मी बसून म्हणायची, करंगळी, अनामिका, मधलं, अंगठ्याजवळचं, टाच. करंगळी, अनामिका, मधलं... अनामिका म्हणजे अगदी आळशी सून. तिच्या दोन्ही जावा कामाला लागल्या तरी ही आपली पडून. तिला एकटीला उचलायला शिकवता शिकवता माझे दिवसच्या दिवस गेले. हळू वाजवलं की ठोके सारखे पडायचे, जरा जोर धरला की सगळी बोटं एकदम चेंगराचेंगरी करायची. मग पुन्हा हळू. कापसाची ऊब लागून डोळे मिटायचे, आणि मी झोपले तरी बोटं चालूच. कधी कधी वाटायचं की मी वाजवत नाहीच, कोणीतरी माझ्या हातात हात घालून वाजवतंय, आणि पलीकडच्या ढिगामागं बसून अनुसयाबाई गातेय, तिच्या जुन्या मोकळ्या आवाजात. जागी झाले की खोलीत फक्त ती उन्हाची काडी असायची. ती भिंतीवर चढलेली पाहिली की कळायचं, चुलीची वेळ झाली.

चुलीपुढंही तेच. परातीच्या काठावर, सुपाच्या पाठीवर, पाण्याच्या हंड्यावर. आमचे हे एकदा सकाळी उठून पाठ चोळत म्हणाले, रात्रभर माझ्या पाठीवर मुंग्यांची वरात कोणाची चालली होती? मी म्हटलं, कुंदाच्या लग्नाची. त्यांनी मग विचारलं नाही. समजूतदार माणूस, फक्त उताणे झोपू लागले.

आणि मग एका दुपारी ते आलं. कसं आलं ते मला सांगता येणार नाही. मी बोटं मोजायची विसरले होते, त्या तरंगणाऱ्या तुसांकडे पाहत होते, आणि ताटलीतून एकाएकी ज्वारी ओतल्याचा आवाज निघाला. मी घाबरून हात उचलला. पुन्हा ठेवला. पुन्हा ज्वारी. मी एकटीच त्या कापसात बसून खुदखुदा हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

होळी तोंडावर आली होती. कुंदा आणि मी मिळून ठरवलं की आता उशीर नको. एकादशीच्या दुपारी मंडळाच्या बाया बोलावल्या. कितीतरी दिवसांनी आमच्या अंगणात सतरंजी पडली. अनुसयाबाईला नवं लुगडं नेसवून खाटेवर बसवलं. शेजारची गिरजाबाई आली, तिच्या जिभेला हाड नाही पण भजनाला पक्की. सगळ्यांनी टाळ घेतले, आणि मी खुंटीवरची खंजिरी काढून डाव्या हातात धरली. गिरजाबाईच्या भुवया वर गेल्या. जाऊ द्या म्हटलं, एकदा ऐकल्यावर खाली येतील.

आणि मी दाणे टाकले.

माझ्याच तोंडानं काय सांगू, पण असे पडले की बायांचे टाळ हातातच राहिले. अंगणातल्या कोंबड्या थबकल्या. मी पुन्हा टाकले, आणखी जलद, आणि मग अनुसयाबाईकडे पाहिलं, आता उचलेल, आता उचलेल कडवं.

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"वाजवते व माय," गिरजाबाई म्हणाली. "हुबेहूब अनुसयाबाईवाणी. आता देवकीच धरू दे खंजिरी, मंडळ तरी चालन." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. चांगल्या मनानंच. भजन बंद पडल्यापासून त्यांचेही दिवस सुने जात होते.

कुंदा आत निघून गेली. मी तिच्या मागे गेले, तर ती कापसाच्या खोलीत ढिगाला तोंड लावून रडत होती. मला म्हणाली, काकू, सांगा त्या लोकांना दुसरी पोरगी पाहा म्हणून. माझ्याच मनात सारखं येत होतं की दाणे कुठं तरी कच्चे राहिले. अनामिका मागे राहत असेल. वेग कमी पडला असेल. बाया निघून गेल्या, मी अंगणात येऊन खाटेच्या पायाशी बसले आणि अनुसयाबाईला विचारलं, "काय चुकलं, बाई? सांगा तरी."

सांगणार कशी ती. पण तिनं मान वळवून पाहिलं, माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या उजव्या हाताकडेही नाही. ती माझ्या डाव्या हाताकडे पाहत होती. खंजिरी अजून त्याच हातात होती.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि लाजेनं कान तापले. एवढी वर्षं मंडळात बसून मला हे कळू नये? जिच्या डाव्या हातात खंजिरी ती सांगणार, बाकीच्या मागून म्हणणार. चारचौघींत, तिच्या डोळ्यांदेखत, मी तिची गादी डाव्या हातात धरून बसले होते आणि वर वाट पाहत होते की ती गाईल. ती कशी गाईल? तिची गायची पाळी मीच घेतली होती. आणि डावा हात तर तिचा शाबूत होता. लकव्यानं नेला तो वाजवायचा हात. धरायचा हात तिचा तिच्याजवळच होता, तो कोणी विचारलाच नव्हता.

मी खंजिरी पदरानं पुसली आणि तिच्या डाव्या हातात दिली.

तिनं बोटं आवळली. किती तरी महिन्यांनी त्या बोटांत जीव दिसला. अंगठा कड्यावर, बाकीची बोटं आतून कातड्याला टेकलेली, अगदी पूर्वीसारखी. मी तिच्या उजव्या कुशीला सरकून बसले, तिचा निजलेला हात माझ्या मांडीवर घेतला, आणि तो उचलला असता तर जिथं पडला असता तिथं माझा हात ठेवला. करंगळीपासून सुरुवात केली. कातड्याखाली तिची बोटं दाबत होती आणि सोडत होती, आणि माझेच दाणे निराळे वाजू लागले, जाड होत, पातळ होत, दूर जात, जवळ येत. मी वेगात होते, आणि तिनं एकाएकी आतून कातडं दाबून आवाज मुका केला.

तेवढ्या गप्पपणात ती गायली.

"ऊन उतरलं, रान निवलं, चला घरी आता."

शब्दन् शब्द. 'चला' म्हणताना जीभ जरा घसरली, बाकी स्वच्छ. कुंदा दारात आली ती तशीच चौकट धरून खाली बसली. गोठ्यातून भासरे आले, त्यांच्या हातात कडब्याची पेंढी होती, ती त्यांनी खाली ठेवलीच नाही, भजन संपेपर्यंत छातीशी धरून उभे राहिले. मी पदर घ्यायचं विसरले होते आणि ते त्यांनीही पाहिलं नाही.

गाव लोटलं मग. वाचा आली, वाचा आली. पण वाचा आली नव्हती. भजन संपलं की ती पहिल्यासारखीच मुकी. पाणी हवं तर बोट दाखवायची. दाणे पडले की गायची, दाणे थांबले की थांबायची, मध्येच थांबले तर शब्द अर्धा तोडून थांबायची. डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला असं असतं कोणाकोणाचं, बोलणं एका कप्प्यात आणि गाणं दुसऱ्या. आम्हाला काय, एक कप्पा तरी उघडला.

होळीला पाहुणे येऊन ऐकून गेले. मुलाच्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. वैशाखातली तारीख धरली. पण कुंदा भारी हट्टाची. म्हणाली, गाणं गाणं आहे. ते तिचं आधीचंच आहे. माझ्यासाठी एक शब्द बोलू दे, 'जा' म्हणू दे. लग्न लावा, अक्षता टाका, पण त्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. भासरे म्हणाले, "मंग नवरदेवालेच ठेवून घेऊ. गोठ्यात जागा हाय." ते हसवायला म्हणाले, पण हसलं कोणी नाही.

मी युक्ती काढली. रोज दुपारी दाणे टाकायची आणि माझ्या कावळ्याच्या गळ्यानं त्याच चालीत म्हणायची, 'जा घरी आता'. 'चला'च्या जागी 'जा', एवढंच. चालीवर बसवून दिलं तर उचलेल, असं वाटलं. अनुसयाबाई माझ्याकडे शांतपणे पाहायची आणि म्हणायची, 'चला घरी आता'. मी पुन्हा 'जा'. ती पुन्हा 'चला'. बाहेर कडुनिंब फुलला होता, त्याची बारीक फुलं तिच्या मांडीवर, खंजिरीवर पडत राहायची आणि दाण्यांबरोबर कातड्यावर उडायची. त्या दुपारी कधी सुरू व्हायच्या आणि कधी संपायच्या, कळायचं नाही. कुंदा गुडघ्यात मान घालून समोर बसायची आणि दर वेळी 'चला' ऐकून उठून जायची. अनुसयाबाई तिच्या पाठीकडे बघत राहायची.

लग्नाचा दिवस उजाडला आणि उतरला. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. ऊन कलायला लागलं तशी वरातीची जीप दारात येऊन उभी राहिली आणि पाहुण्यांची चुळबूळ सुरू झाली. नदीपलीकडे जायचं होतं, उजेडात पोहोचलेलं बरं. कुंदा हिरव्या शालूत, कपाळाला बाशिंगाचे वळ, आतल्या खोलीत मायच्या पुढं मांडी घालून बसली होती. उठेना. नवरदेव बिचारा दारात उभा राहून कधी हिच्याकडे, कधी बापाकडे पाहत होता. गिरजाबाई कुजबुजली, आता पोरीची शोभा होते. भासरे उंबऱ्याजवळ उभे. त्यांनी पहिल्यांदाच मला, धाकट्या भावजयीला, नाव घेऊन सांगितलं, "देवकी, वाजव."

मी खंजिरी अनुसयाबाईच्या डाव्या हातात दिली आणि तिच्या कुशीला बसले. दाणे टाकले. तिनं 'ऊन उतरलं' म्हटलं, 'रान निवलं' म्हटलं. मी माझ्या गळ्यानं, होता नव्हता तेवढा जीव काढून म्हटलं, 'जा घरी आता'.

ती थांबली. तिनं आतून कातडं दाबलं, इतकं घट्ट की माझे दाणे मुके झाले. मी हात काढून घ्यायला लागले तर तिनं मान हलवली. नाही. वाजव. मी पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली. मी कधीच टाकले नव्हते इतके जलद दाणे पडत होते, आणि ते मी टाकत नव्हते असं आजही वाटतं. ती कुंदाकडे बघत होती. ओठ वाकडे झाले, गळ्याची शीर ताणली. आणि त्याच चालीत, त्याच सुरात, जो कोणी कधी तिला शिकवला नव्हता तो शब्द आला.

"नको जाऊ, कुंदे माये, नको जाऊ आता."

नवरदेवाच्या वडिलांनी खाली पाहिलं. गिरजाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. माझ्या मनात आलं, आटोपलं सगळं, आता ही पोरगी कशाची उठते.

कुंदानं मायच्या मांडीवर डोकं ठेवलं. हसली की रडली, दोन्ही एकदमच. मग तिनं डोळे पुसले, मायच्या पायावर डोकं टेकलं, माझ्या पायावर टेकलं, आणि उभी राहिली.

"निघते मी, काकू," ती म्हणाली.

मी दाणे न थांबवता म्हटलं, "अव, ते तं नको म्हणते."

"म्हणूनच जाते. 'जा' तं सारं गावच म्हणते. 'नको' म्हणायले मायच लागते."

आणि तिनं उंबरा ओलांडला. भासऱ्यांनी तिचा हात धरून तिला जीपपर्यंत नेलं. खिडकीतून दिसत होतं, ती एकदाही मागे वळली नाही, फक्त मान जरा कलती करून ऐकत चालली होती. अनुसयाबाई गात होती. 'नको जाऊ, कुंदे माये.' जीप सुरू झाली, पोरं मागून धावली, धूळ उडाली. माझी बोटं सुजली होती, अनामिका तर कुठं आहे हेही कळत नव्हतं. गिरजाबाईनं मला दोनदा खांद्याला धरून सांगितलं, गेली व ते, थांबव आता. मी थांबवलं नाही. मी थांबले असते तर ती थांबली असती, आणि जीप अजून नदीच्या उतारावर होती, तिथपर्यंत आवाज जात होता.